ब्रांकुशी आणि त्याचे दूरदेशींचे आश्रयदाते

'पिकतें तेथें विकत नाहीं' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती धान्यास जितकी लागू पडते तितकीच कलेसही लागू पडते, हें कोणीही मान्य करील. परंतु या म्हणीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाहीं. जें येथें विकत नाहीं तें परमुलखांत कसें विकतें, तेथील ग्राहक त्यास कोणतें नांव देतात, आणि परक्या बाजारांत वाढलेली किंमत अंगावर घेऊन तो माल पुन्हां आपल्या गांवीं आला म्हणजे गांवकऱ्यांची काय अवस्था होते, हा त्या म्हणीचा उत्तरार्ध होय. रोमानिया देशांतील शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याच्या कीर्तीचा इतिहास म्हणजे या उत्तरार्धाचेंच सविस्तर आख्यान आहे. त्या आख्यानांतील एक अध्याय इंदूरच्या होळकर दरबारांत घडला. म्हणून मराठी श्रोत्यांस तें अगदींच परकें वाटूं नये.

ब्रांकुशीचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ रोजीं, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या होबित्सा नांवाच्या खेड्यांत, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्या प्रांतांत घराचे खांब, फाटकें, भांडींकुंडीं हीं सारीं कोरीव लांकडाचीं असत. लहानपणीं मेंढरें राखणाऱ्या या मुलाच्या हातास चाकूची संवय तेथेंच लागली. पुढें क्रायोव्हा येथील कलाकौशल्याच्या शाळेंत व नंतर राजधानी बुखारेस्ट येथील कलाशाळेंत त्याचें शिक्षण झालें. १९०४ मध्यें तो पॅरिसला पोंचला. वाटेंतील बराच मुलूख त्यानें पायीं तुडविला असें सांगतात. त्या काळीं शिल्पकलेचें सार्वभौमत्व रोदँकडे होतें. १९०७ मध्यें ब्रांकुशीस त्याच्या कार्यशाळेंत प्रवेश मिळाला, आणि थोड्याच दिवसांत तो आपण होऊन तेथून बाहेर पडला. मोठ्या वृक्षाच्या छायेंत दुसरें कांहीं वाढत नाहीं, अशा अर्थाचें त्याचें उत्तर प्रसिद्ध आहे.

बाहेर पडून त्यानें काय केलें हें समजल्याशिवाय पुढील कथेचा उलगडा होणार नाहीं. त्या वेळची रीत अशी होती कीं, शिल्पकारानें मातीचा नमुना करावा आणि पाषाणांतील मूर्ति पगारी कारागिरांनीं घडवावी. ब्रांकुशीनें छिन्नी स्वतःच्या हातीं घेतली व नमुन्याची मध्यस्थी दूर करून सरळ दगडाशींच संवाद सुरू केला. दगडांतून तो जसजसा एकेक तपशील काढून टाकी, तसतशी आकृति सोपी होत जाई. 'चुंबन' या त्याच्या शिल्पांत दोन माणसें एकाच चौकोनी दगडांत मिठी मारून बसलीं आहेत. त्यांचें वेगळेपण सांगावयास केवळ एक उभी रेघ पुरते. 'निद्रिस्त देवता' या शिल्पांत देह नाहीं, आसन नाहीं. अंड्याच्या आकाराचें एक मस्तक तेवढें आडवें ठेविलेलें आहे. रोमानियाच्या लोककथांत मायास्त्रा नांवाचा एक अद्भुत पक्षी आहे. त्या पक्ष्याची मूर्ति ब्रांकुशीनें प्रथम चोंच व मान यांसह घडविली; पुढें चोंच गेली, पाय गेले, पंख तर कधींच नव्हते; आणि १९२३ पासून जी 'अवकाशांतील पक्षी' नांवाची मालिका सुरू झाली, तींत उरली केवळ वर झेपावणारी एक लकाकती रेषा. ब्राँझची मूर्ति ओतून झाल्यावर कानस व पॉलिश यांचें काम तो स्वतः महिनोन्महिने करी. त्यामुळें एका सांच्यांतून निघालेल्या दोन मूर्तीही एकसारख्या राहत नसत. मूर्तीखालील बैठकही तो स्वतःच घडवी. असा हा मंद हाताचा शिल्पकार होता, आणि त्याच्या शिल्पांची संख्या थोडी राहिली ती या कारणानें.

या शिल्पांचें पहिलें मोठें दर्शन परदेशास झालें तें १९१३ मध्यें. त्या वर्षीं न्यूयॉर्क येथें, पलटणीच्या एका कवाइतघरांत, नव्या कलेचें भव्य प्रदर्शन भरलें; त्यांत ब्रांकुशीचीं पांच शिल्पें होतीं. 'मादमोझेल पोगानी' या मस्तकाची वर्तमानपत्रांनीं मनसोक्त टिंगल केली. साखरेच्या खड्यावर ठेविलेलें उकडलेलें अंडें अशी त्याची संभावना झाली. तेव्हां अमेरिकेंतील ब्रांकुशीच्या कीर्तीचा पहिला पाया हंशाचा होता. परंतु हंशाचा एक गुण असा कीं, तो नांव विसरूं देत नाहीं. लगेच पुढील वर्षीं छायाचित्रकार स्टीग्लिट्झ यानें आपल्या लहानशा कलादालनांत ब्रांकुशीचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. एकट्या ब्रांकुशीच्या शिल्पांचें हें पहिलेंच प्रदर्शन; आणि तें ना बुखारेस्टला झालें, ना पॅरिसला.

याच सुमारास जॉन क्विन नांवाचा न्यूयॉर्कचा वकील पुढें आला. हा गृहस्थ पिढीजात श्रीमंत नव्हता. वकिलीच्या मिळकतीवर तो चित्रें, शिल्पें व लेखकांचीं हस्तलिखितें जमवी. परदेशांतून येणाऱ्या नव्या कलाकृतींवरील जकात उठावी म्हणून त्यानेंच खटपट केली होती व १९१३ च्या कायद्यांत ती यशस्वी झाली होती. पुढील दहा वर्षें त्यानें ब्रांकुशीचीं शिल्पें एकामागून एक घेतलीं. इकडे पॅरिसमध्यें शिल्पकाराचा अनुभव निराळा होता. १९२० मध्यें 'राजकन्या क्ष' हें त्याचें शिल्प अश्लील ठरवून एका प्रदर्शनांतून काढून टाकण्यात आलें, आणि तेव्हांपासून पॅरिसच्या प्रदर्शनांत शिल्पें मांडण्याची त्याची हौस फारशी उरली नाहीं. ज्या शहरांत तो राहत होता तेथें त्याची कार्यशाळा हेंच त्याचें प्रदर्शन झालें. आणि तीं शिल्पें समुद्रापलीकडे एका वकिलाच्या घरांत जमा होत राहिलीं.

एकाच आश्रयदात्यावर उभी राहिलेली कीर्ति त्या आश्रयदात्याच्या आयुष्याइतकीच असते. १९२४ मध्यें क्विन वारला. त्याच्या संग्रहाची विक्री होणार हें ठरलें, आणि ब्रांकुशीचीं पंचवीसांहून अधिक शिल्पें एकदम बाजारांत येण्याचा प्रसंग उद्भवला. एका शिल्पकाराचा इतका माल एकाच वेळीं लिलावांत निघाला असता तर त्याचा भाव असा कोसळला असता कीं तो त्याच्या हयातींत सांवरता ना. त्या वेळीं मार्सेल द्युशां हा चित्रकार व आंरी-पिएर रोशे हा लेखक हे ब्रांकुशीचे दोन मित्र धांवून आले. त्यांनीं पैसा उभा केला, तो सारा माल लिलावापूर्वींच विकत घेतला, आणि पुढें कित्येक वर्षें तो एकेक करून योग्य घरीं दिला. यांत मैत्री होती तसा व्यवहारही होता. द्युशांला त्यावर बरेच दिवस काढतां आले. कलेच्या इतिहासांत शिल्पकारांचीं नांवें येतात, फार तर खरेदीदारांचीं येतात. परंतु ऐन वेळीं भाव पडूं न देणाऱ्या या मधल्या माणसांवांचून पुष्कळ नांवें इतिहासापर्यंत पोंचलींच नसतीं.

यानंतरचा प्रसंग न्यूयॉर्कच्या बंदरांतील. १९२६ च्या ऑक्टोबरांत 'पॅरिस' नांवाच्या आगबोटीनें ब्रांकुशीचीं सुमारें वीस शिल्पें प्रदर्शनासाठीं अमेरिकेंत आलीं. बरोबर द्युशां होता. कलाकृतींवर जकात नाहीं असा कायदा होता. परंतु जकातीच्या अधिकाऱ्यांनीं पेटी उघडली तों आंत साडेचार फूट उंचीचा एक पिवळाजर्द, गुळगुळीत, निमुळता धातुखंड! कागदावर लिहिलेलें 'पक्षी'. पण त्याला ना चोंच, ना पंख, ना पिसें. अधिकाऱ्यांनीं त्याची गणना स्वयंपाकघरांतील भांडीं व इस्पितळांतील सामान या सदराखालीं केली आणि शेंकडा ४० प्रमाणें जकात लावली. हा पक्षी स्टायकेन या छायाचित्रकारानें ६०० डॉलरांस विकत घेतला होता. त्यावर २४० डॉलर जकात बसली. प्रकरण न्यायालयांत गेलें. खर्चाचा भार गर्ट्रूड व्हिटनी या धनिक बाईनें उचलला. ती स्वतःही शिल्पकार होती.

हा खटला म्हणजे अमेरिकेच्या रसिकतेचीच परीक्षा होती. मूर्ति ही निसर्गांतील आकृतीची हुबेहूब प्रतिकृति असली पाहिजे असा १९१६ मधील एक निवाडा सरकारपक्षाच्या हातीं होता. १९२७ मध्यें साक्षी झाल्या. हा पक्षी तुम्ही रानांत पाहिला असता तर त्यावर बंदूक झाडली असती काय, अशा तऱ्हेचे प्रश्न स्टायकेनला विचारण्यात आले. असला धातूचा दांडा एखादा कसबी लोहारही घासून-पुसून करूं शकेल कीं नाहीं, असें शिल्पकार एप्स्टाइन यास विचारलें. त्यानें सांगितलें कीं, घासूं शकेल, परंतु त्याची कल्पना करूं शकणार नाहीं. सरकारतर्फे आलेल्या शिल्पकारांनीं ही कलाच नव्हे असें शपथेवर सांगितलें. २६ नोव्हेंबर १९२८ रोजीं निकाल लागला. न्यायाधीशांनीं असें मानलें कीं, निसर्गाची नक्कल न करतां अमूर्त कल्पना मांडणारा एक नवा कलासंप्रदाय निर्माण झाला आहे. त्याविषयीं आपली आवड-नावड कांहींही असो, त्याचें अस्तित्व कायद्यास विचारांत घ्यावें लागेल. वस्तु सुंदर आहे, एका व्यवसायी शिल्पकाराच्या हातची आहे, आणि तिचा दुसरा कांहीं उपयोग नाहीं. सबब ती कलाकृति होय. जकात माफ झाली.

या निकालानें ब्रांकुशीच्या नांवास एक नवा अर्थ प्राप्त झाला. १९१३ मध्यें जो विनोदाचा विषय होता तो आतां तत्त्वाचा विषय झाला. त्याचें शिल्प घरीं ठेवणें म्हणजे नव्या युगाची बाजू घेणें असा समज पसरला. त्याबरोबरच दुसरीही एक कल्पना फोंफावली. पॅरिसला जाणारे धनिक त्याच्या कार्यशाळेंत जात; तेथें पांढरी दाढी, पांढरे कपडे व पायांत लांकडी खडावा घातलेला एक शेतकरी त्यांना स्वतःच्या हातानें मांस भाजून वाढी, आणि मग कापडाखालीं झांकलेलीं शिल्पें एकेक करून उघडी. तो तिबेटी साधु मिलारेपा याचीं वचनें वाची. पाहुण्यांस तो शिल्पकाराहून ऋषि अधिक वाटूं लागला, आणि ब्रांकुशीनेंही हा समज मोडला नाहीं. परदेशी चाहत्यांस माल पाहिजे असतो तशी मालाबरोबर एक कथाही पाहिजे असते.

या पाहुण्यांपैकींच एक होते इंदूरचे तरुण अधिपति यशवंतराव होळकर. त्यांचा जन्म १९०८ चा. १९२६ मध्यें वडील तुकोजीराव यांनीं गादी सोडल्यावर ते गादीवर आले व १९३० मध्यें त्यांस पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्या राणीसाहेब संयोगिताबाई या कागलच्या घाटगे घराण्यांतील. ऑक्सफर्ड येथें शिकत असतांना एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाशीं महाराजांची मैत्री जडली, आणि त्याच्याकडून त्यांनीं इंदुरांत माणिकबाग हा राजवाडा अगदीं नव्या पद्धतीनें बांधून घेतला. कोरीव झरोके नाहींत, झुंबरें नाहींत. सरळ भिंती, लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या आणि युरोपांतील उत्तमोत्तम कारागिरांचें सामान. कलेच्या खरेदींत महाराजांचा सल्लागार कोण होता? क्विनचा संग्रह वांचविणारा तोच आंरी-पिएर रोशे! त्याच्याबरोबर महाराज ब्रांकुशीच्या कार्यशाळेंत गेले आणि त्यांनीं एक नव्हे, तीन पक्षी घेतले: एक झळाळत्या ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा व एक पांढऱ्या संगमरवराचा.

या तीन पक्ष्यांसाठीं एक मंदिर बांधावें अशी योजना निघाली. ब्रांकुशीच्या मनांतील तें मंदिर नेहमींसारखें नव्हतें. त्यास वर दार नाहीं, खिडकी नाहीं; भुयारांतून आंत जावयाचें, एका वेळीं एकाच माणसानें; मध्यें पाण्याचें कुंड, भोंवतीं पक्षी, आणि छतांतील झरोक्यांतून ठराविक वेळीं उतरणारा सूर्यप्रकाश. आयुष्यभर सुटीं सुटीं शिल्पें विकणाऱ्या कलावंतास आपल्या शिल्पांसाठीं घर मिळणार होतें, आणि तें हिंदुस्थानांत मिळणार होतें. परंतु १९३७ मध्यें संयोगिताबाईंचें ऐन तारुण्यांत निधन झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस एकसष्ट वर्षांचा ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठीं हिंदुस्थानास निघाला व १९३८ च्या आरंभीं इंदुरास पोंचला. तो तेथें कांहीं आठवडे राहिला. मंदिराची एक वीटही रचली गेली नाहीं. तो ईजिप्तमार्गें परत गेला, आणि पक्षी माणिकबागेंतच राहिले.

नवल असें कीं, जें इंदुरांत घडूं शकलें नाहीं तें त्याच वर्षीं त्याच्या मायभूमींत घडलें. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या सैनिकांचें स्मारक म्हणून त्याच्या जन्मगांवाजवळील तिर्गु-झिऊ या शहरांतील स्त्रियांच्या मंडळानें त्याच्याकडून तीन कामें करून घेतलीं: मौनाचें मेज, चुंबनाचें द्वार, आणि सुमारें २९ मीटर उंचीचा अनंत स्तंभ. २७ ऑक्टोबर १९३८ रोजीं त्यांचें लोकार्पण झालें. परंतु महायुद्धानंतर तेथें राज्य बदललें. १९५१ मध्यें रोमानियाच्या अकादमींत झालेल्या चर्चेंत त्याच्या कलेवर जनतेशीं संबंध नसलेली कला म्हणून टीका झाली; याच सुमारास स्तंभ उपटून काढण्याचाही प्रयत्न झाला असें तेथें सांगतात. स्तंभ हालला नाहीं. शिल्पकारानें मात्र १९५२ मध्यें फ्रान्सचें नागरिकत्व पत्करलें आणि १९५६ मध्यें आपली कार्यशाळा, आंतील शिल्पें व हत्यारें यांसह, जशीच्या तशी जतन करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारास लिहून दिली. १६ मार्च १९५७ रोजीं तो पॅरिसमध्येंच वारला.

तोंवर खाजगी घरांतील त्याचीं शिल्पें सार्वजनिक वास्तूंत जाऊं लागलीं होतीं. आरेन्सबर्ग दांपत्यानें आपला संग्रह १९५० मध्यें फिलाडेल्फियाच्या संग्रहालयास दिला. त्यांत ब्रांकुशीचीं शिल्पें पुष्कळ होतीं. १९५५ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत त्याच्या आयुष्यभराच्या कामाचें प्रदर्शन झालें. पुढील दशकांत अमेरिकेंतील नव्या शिल्पकारांनीं त्याच्याकडे आणखी निराळ्या दृष्टीनें पाहिलें. त्यांना पक्ष्याची झेंप नको होती, ऋषीचें वचन नको होतें. एकच घटक पुन्हां पुन्हां रचून केलेला अनंत स्तंभ त्यांना आपला पूर्वज वाटला. शिल्पें तींच होतीं. परंतु विनोदी माणूस, बंडखोर, साधु आणि आतां गणिती अशीं चार रूपें एकाच शिल्पकारानें परक्यांच्या डोळ्यांत धारण केलीं.

शेवटीं बाजार आला. १९२६ मध्यें ज्या मालिकेंतील एक पक्षी ६०० डॉलरांस गेला होता, त्याच मालिकेंतील एक संगमरवरी पक्षी २००५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत २ कोटी ७४ लाख डॉलरांस गेला. 'निद्रिस्त देवता' या शिल्पाच्या एका प्रतीस २०१७ मध्यें ५ कोटी ७३ लाख, आणि दुसऱ्या एका ब्राँझ मस्तकास २०१८ मध्यें सुमारें ७ कोटी १० लाख डॉलर पडले. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनीं कांहीं नव्या प्रती ओतविल्या. परंतु त्याच्या स्वतःच्या हातची कानस जिला लागली ती प्रत कोणती, हें पाहूनच जाणते संग्राहक किंमत करितात. ज्या पॉलिशला जकात-अधिकारी कारखान्याचें काम समजले, त्याच पॉलिशवर आतां कोट्यवधींचा निवाडा होतो.

अशा भावांत मायभूमीनें काय करावें? ब्रांकुशीचें 'पृथ्वीचें शहाणपण' हें सुमारें १९०७ मधील शिल्प रोमानियांतील एका खाजगी घराण्याकडे होतें. २०१६ मध्यें तें देशांत ठेवण्यासाठीं सरकारनें पाऊल उचललें. किंमत १ कोटी १० लाख युरो. त्यांपैकीं ५० लाख सरकारनें द्यावे आणि ६० लाख जनतेनें वर्गणीनें जमवावे असें ठरलें. पुष्कळ लहानथोरांनीं आपापला वांटा दिला. परंतु जनतेच्या हिश्शाचा चतुर्थांशही जमला नाहीं, आणि ती खरेदी झाली नाहीं. ज्या शिल्पकारासाठीं पूर्वीं परक्यांनीं पदरमोड केली, त्याच्यासाठीं स्वजन पुढें आले तेव्हां परक्यांनीं वाढविलेला भावच त्यांच्या आड आला.

इंदूरचे पक्षीही उडून गेले. यशवंतराव महाराज १९६१ मध्यें निवर्तले. काळा व पांढरा असे दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें घेतले व ते कॅनबेरा येथें गेले. ब्राँझचा पक्षी अमेरिकेंत कॅलिफोर्नियास गेला. माणिकबागेंतील सामान १९८० मध्यें मोनॅको येथें लिलावांत विकलें गेलें. आणि ज्या हिंदुस्थानांत त्याचें मंदिर झालें नाहीं, त्याच देशांत, नवी दिल्ली येथें, २०२४ च्या जुलैंत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत तिर्गु-झिऊच्या स्मारकास जगाचा वारसा म्हणून मान्यता मिळाली.

कीर्ति म्हणजे कलावंताच्या गुणांची सावली, असा सामान्य समज आहे. परंतु सावलीची लांबी झाडावर जशी अवलंबून असते, तशी सूर्य कोठें आहे यावरही अवलंबून असते. ब्रांकुशीच्या घडून झालेल्या शिल्पांत पुढें एक रेघही बदलली नाहीं; बदलले ते पाहणारे. त्यांतही हंसणारे हजारों होते, आणि जकात भरून, खटला लढून किंवा लिलाव थांबवून त्या शिल्पांपाशीं उभे राहणारे दहा-पांचच होते. त्या दहा-पांचांत एक मराठी राजा होता, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्यानें आणलेले पक्षी राखण्यास त्याच्यामागें कोणी उभें राहिलें नाहीं, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. घरीं आलेली कला ओळखणें ही एका माणसाची रसिकता असते. ती घरीं टिकविणें हें सबंध समाजाचें काम आहे.